६जी मोजायचं कुठून?

६जीवर, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या येणाऱ्या सहाव्या पिढीवर, सध्या जी चर्चा ऐकू येते, ती दोनच सुरांत चालते. एका बाजूचे लोक सांगतात की अख्खा सिनेमा पापणी लवते न लवते तोच उतरेल, समोर माणसाची त्रिमितीय प्रतिमा उभी राहून बोलेल, सर्जन दुसऱ्या खंडात बसून शस्त्रक्रिया करेल. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ५जीने काय वेगळं दिलं ते पाहिलं. आता आणखी एका आकड्यासाठी नवे फोन, नवे टॉवर, नवा खर्च कशाला? पहिल्यांना दुसरे मागासलेले वाटतात, दुसऱ्यांना पहिले कंपन्यांचे भाट वाटतात. आणि दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून चालतं: वेग. तो हवा की नको, पुरतो की नाही. हा वाद मला मुळातच चुकीच्या पायावर उभा असलेला दिसतो. ६जी यावं असंच माझं मत आहे. पण त्याची परीक्षा टॉवरखाली उभ्या असलेल्या फोनवर घेऊ नये. रेंजच्या काठावर, गर्दीत, वीज गेलेली असताना हातात धरलेल्या सगळ्यात स्वस्त फोनवर घ्यावी. ती परीक्षा कशी असेल हे २०३० मध्ये ठरणार नाही. ते याच काही वर्षांत, आपण वेगावर हुज्जत घालत असताना, लिहिलं जात आहे.

लिहिलं जात आहे असं मुद्दाम म्हणतो. मोबाइलची पिढी कुठल्या प्रयोगशाळेत एके दिवशी सापडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आधी अपेक्षा मांडते. मग थ्रीजीपीपी या नावाने १९९८ पासून काम करणारा मानकसंस्थांचा गट हजारो पानांचं मानक तयार करतो. कंपन्यांचे अभियंते एकेका वाक्यावर महिनोन्महिने भांडतात, आणि एकदा मानक गोठवलं की पुढची वीस-पंचवीस वर्षं फोन आणि टॉवर त्याच व्याकरणात बोलतात. ६जीचा आराखडा दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. त्याचं अधिकृत नाव आयएमटी-२०३०. त्यात पंधरा क्षमता मांडल्या आहेत. कमाल वेगाला आकडा आहे: संशोधनाची उदाहरणं म्हणून सेकंदाला ५०, १०० आणि २०० गिगाबिट. विलंबाला, म्हणजे निरोप पोचायला लागणाऱ्या वेळाला, आकडा आहे: ०.१ ते १ मिलिसेकंद. एका चौरस किलोमीटरमध्ये किती उपकरणं जोडता यावीत यालाही आकडा आहे: दहा लाख ते दहा कोटी. उपकरणाची जागा किती अचूक सांगता यावी? १ ते १० सेंटिमीटर. पण सिग्नल कुठवर पोचावा? तिथे शब्द आहेत. शाश्वतता? शब्द. सुरक्षा, खासगीपणा, संकटात तग धरणं? तिथेही शब्दच. अभियांत्रिकीत ज्याला आकडा असतो त्याची चाचणी होते, आणि ज्याची चाचणी होते ते बांधलं जातं. ज्याला नुसता परिच्छेद मिळतो, ते वेळ उरला तर बघू या यादीत जातं.

जाणकार मला इथे थांबवतील आणि म्हणतील, तळाचा आकडा आहे की! हे खरं आहे. ५जीच्या अपेक्षांमध्ये कमाल २० गिगाबिटच्या शेजारी 'वापरकर्त्याला अनुभवाला येणारा वेग' होता, सेकंदाला १०० मेगाबिट, आणि तो सरासरीवर मोजायचा नव्हता. सगळे वापरकर्ते वेगाप्रमाणे ओळीत उभे केले तर तळातल्या पाच टक्क्यांच्या सीमेवर जो उभा असेल, त्याला एवढा वेग मिळायला हवा, अशी ती व्याख्या होती. हा फार चांगला विचार आहे आणि ज्यांनी तो मांडला त्यांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण ही मोजणी कोणत्या परिस्थितीत करायची? दाट शहरी वस्तीत. म्हणजे जिथे टॉवरला टॉवर लागून आहेत, तिथला तळ. विरळ वस्तीतला, डोंगराआडचा, तळघरातला तळ त्यात धरलेलाच नाही. माझी सगळी मागणी या एका व्याख्येत बसते. तिची जागा बदला.

आता वेगाच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा घेऊ. तो असा: गरज आधी दिसत नसते, क्षमता आधी येते आणि वापर मागून सुचतो. इतिहास याला साक्ष देतो. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला, तेव्हा जग बोलण्याऐवजी टाइप करू लागेल असं किती जणांना वाटलं होतं? १ ऑक्टोबर २००१ रोजी जपानमध्ये ३जी सुरू झालं तेव्हा खिशातल्या नकाशावर गाडी बोलावता येईल असं कुणी सांगितलं नव्हतं. मग आज ६जीचा उपयोग काय असं विचारणारा माणूस १९९२ मधल्या शंकेखोरासारखाच चुकत नाही का?

मी हा मुद्दा अर्धा मान्य करतो. अर्धाच, कारण त्याच इतिहासात दुसरी एक गोष्ट आहे. एसएमएस रुजला तो वेगामुळे नव्हे. टॉवर आणि फोन यांच्यात नियंत्रणाचे निरोप जाण्यासाठी जी वाट मुळात ठेवलेली होती, तिच्यातली मोकळी जागा त्याने वापरली, म्हणून तो १६० अक्षरांचा. तो प्रत्येक फोनवर होता, अगदी क्षीण सिग्नलवरही पोचत होता. केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं आणि बँकेचं तोंड न पाहिलेली माणसं फोनवरून पैसे पाठवू लागली. कशावर? २जीच्या साध्या फोनवर. उलट ३जी विकताना व्हिडिओ कॉल पुढे केला होता, आणि तो बरीच वर्षं पडून राहिला. समोरच्याकडेही तसाच फोन आणि तसंच नेटवर्क असेल याची खात्री नव्हती ना! न कल्पिलेले वापर येतात हे खरं आहे. पण ते येतात क्षमता सर्वांपर्यंत पोचल्यावर, आणि आज आहे तर उद्याही असेल असा भरवसा बसल्यावर. एका चौकात मिळणाऱ्या २०० गिगाबिटवर कोण आपला धंदा उभा करेल? शिवाय भूक अमर्याद वाढत राहील हे गृहीतकही आता डळमळीत झालं आहे. एरिक्सन या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या मोजणीप्रमाणे जगातली मोबाइल डेटाची वाहतूक २०१८ मध्ये वर्षाला सुमारे ८० टक्क्यांनी वाढत होती. २०२५ मध्ये ती वाढ २० टक्क्यांच्या आसपास आली. वाहतूक वाढतेच आहे, पण पूर्वीच्या उड्या आता दिसत नाहीत.

कमाल आकड्याच्या मागे धावलं की काय होतं, याचा धडा दक्षिण कोरियाने जगासाठी गिरवून ठेवला आहे. ३ एप्रिल २०१९ च्या रात्री तिथल्या कंपन्यांनी अमेरिकेला काही तासांनी मागे टाकत ५जी सुरू केलं. मिलिमीटर लहरींचा २८ गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्यांनी आदल्या वर्षीच घेतला होता. त्या पट्ट्यात वेग अफाट मिळतो, पण भिंत आडवी आली, झाडाची पानं आली, माणूस पाठमोरा झाला तरी सिग्नल तुटतो. ठरल्याप्रमाणे टॉवर-केंद्रं उभी राहिली नाहीत, आणि २०२२ ते २०२३ मध्ये सरकारने तिन्ही कंपन्यांकडून तो पट्टा काढून घेतला. मे २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने २० गिगाबिटची जाहिरात केल्याबद्दल त्यांना मिळून ३३.६ अब्ज वॉन दंड ठोठावला. प्रत्यक्ष सरासरी वेग त्या काळात सुमारे ०.८ गिगाबिट होता. नवल याचं की ०.८ गिगाबिट हा उत्तम वेग आहे! जगात कुठेही त्याचं कौतुक झालं असतं. पण २० चं वचन दिलेलं असल्यामुळे तोच फसवणुकीचा पुरावा ठरला. ५जीबद्दलचा जो भ्रमनिरास आज सगळीकडे दिसतो, त्याचं मूळ तंत्रज्ञानात कमी आणि या आकड्यात जास्त आहे.

६जीच्या बाबतीत हाच आकडा आणखी वर नेला जात आहे, आणि तिथे निसर्गाशी गाठ आहे. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातून, ठरावीक गोंगाटात, चूक न होता किती माहिती पाठवता येईल याला गणिती मर्यादा आहे. आजची संकेतनपद्धती त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेली आहे. तिथे पिळून काढायला फारसं उरलेलं नाही. मग क्षमता वाढवायची तर मार्ग उरतात ते म्हणजे रुंद पट्टा, जास्त अँटेना, किंवा जवळजवळ टॉवर. रुंद पट्टा हवा तर वरच्या वारंवारतेकडे जावं लागतं, आणि वर गेलं की पोच आखडते. साध्या अँटेनाने ३ गिगाहर्ट्‌झऐवजी ३०० गिगाहर्ट्‌झवर पाठवलं तर तेवढ्याच अंतरावर हाती येणारी शक्ती दहा हजारांश होते. हवेतली वाफ शोषते ते वेगळंच. अँटेनांची संख्या वाढवून किरण एकवटता येतो हे कबूल, पण एकवटलेला किरण भिंतीमागे वळत नाही. म्हणूनच टेराहर्ट्‌झची, म्हणजे हजार गिगाहर्ट्‌झच्या घरातल्या लहरींची, स्वप्नं रंगत असताना प्रत्यक्ष मागणी होते आहे ती ७ ते ८ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्याची, आणि त्याचा फैसला २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत व्हायचा आहे. ज्यांना खरोखर नेटवर्क बांधायचं आहे, ते कुठे बघत आहेत ते यावरून कळावं.

विलंबाचंही तसंच. दूरच्या सर्जनचं चित्र इतक्यांदा दाखवलं गेलं आहे की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर एका मिलिसेकंदात परत यायचं, तर उत्तर देणारा १०० किलोमीटरच्या आत हवा. ०.१ मिलिसेकंदात यायचं तर १० किलोमीटरच्या आत. सर्जन १०,००० किलोमीटरवर असेल तर जाण्या-येण्यातच १०० मिलिसेकंद लागणार, मग पिढी सहावी असो की सोळावी. मानकातला तो आकडा फक्त फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेतल्या टप्प्याचा आहे. आणि दूरस्थ शस्त्रक्रियेला त्या हवेची वाट पाहायची गरजच नव्हती. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या फ्रेंच सर्जनने यंत्रमानवाच्या हातांनी फ्रान्सच्या स्त्रासबुर्गमधल्या रुग्णाचं पित्ताशय काढलं, समुद्राखालच्या केबलवरून, दीडशेच्या आसपास मिलिसेकंद विलंबात. पाव शतक होत आलं. तो प्रयोग घरोघरी का पोचला नाही? रुग्णाशेजारी तरीही एक सज्ज पथक उभं ठेवावं लागतं, यंत्रं महाग आहेत, काही बिघडलं तर जबाबदार कोण हे ठरत नाही. यातली एकही अडचण रेडिओची नाही.

तर मग रेडिओची खरी अडचण कोणती? ती तुम्ही रोज बोलून दाखवता. कॉल चालू असतो, समोरच्याचा चेहरा स्वच्छ दिसतो, आवाज खणखणीत येतो, फोनवर सिग्नलच्या चारही काड्या आहेत, आणि तरी तोंडून तेच वाक्य निघतं: "मला तुमचं नीट ऐकू येतंय, माझं पोचतंय का?" आपण फोन डोक्यावर धरतो, खिडकीपाशी जातो, एका पायावर वळतो. मला हे दृश्य सगळ्या आलेखांपेक्षा जास्त सांगून जातं. टॉवरवरचा रेडिओ कित्येक दहा वॅटपासून दोनशे वॅटपर्यंत ताकदीने बोलतो. तुमचा फोन सहसा ०.२ वॅटच्या आसपासच ताकदीने उत्तर देतो. याहून फार जास्त बॅटरीलाही झेपत नाही आणि शरीराजवळ धरायच्या वस्तूला परवानगीही नाही. टॉवर ओरडतो, फोन कुजबुजतो. त्या चार काड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती येतो एवढंच सांगतात. तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातो का, याबद्दल त्या गप्प असतात. नेटवर्कची खरी हद्द टॉवरच्या आवाजाने ठरत नाही, ती या कुजबुजीने ठरते. आणि फोनकडून टॉवरकडे जाणारी ही वरची वाट आता पूर्वीपेक्षा महत्त्वाची झाली आहे, कारण माणसं नुसती बघत नाहीत, पाठवतात: शिकवणीतला प्रश्न, डॉक्टरला दाखवायची जखम, अपघाताची जागा. ६जीने काठावरच्या फोनला वरच्या वाटेने अमुक इतकं मिळालंच पाहिजे, एवढी एक ओळ सक्तीची केली तर २०० गिगाबिटच्या दहा प्रात्यक्षिकांपेक्षा तिचा उपयोग मोठा होईल.

आता दुसरी बाजू. ६जी नकोच म्हणणाऱ्यांचा पैशाचा मुद्दा कच्चा नाही. २००० साली ब्रिटनने ३जीच्या लहरींच्या लिलावातून सुमारे २२.५ अब्ज पौंड मिळवले, जर्मनीने सुमारे ५० अब्ज युरो. कंपन्या कर्जात बुडाल्या आणि प्रत्यक्ष टॉवर उभारायला हात आखडले. ५जीचाही परतावा पुष्कळ ठिकाणी आलेला नाही. तीनशेहून जास्त कंपन्यांनी ५जी सुरू केलं, पण ४जीच्या गाभ्याचा, म्हणजे टॉवरांमागच्या मध्यवर्ती यंत्रणेचा, टेकू न घेता संपूर्ण ५जी चालवणाऱ्या त्यांच्या पाव हिश्श्याच्या आसपासच आहेत. खुद्द नेटवर्क चालवणाऱ्या कंपन्यांच्या एनजीएमएन या संघाने २०२३ मध्ये बजावलं की ६जी आलं म्हणून ५जीची रेडिओ उपकरणं आपोआप बदलायला लावू नका. जे विकत घेणार तेच असं म्हणत असतील, तर ते ऐकायलाच हवं. (लहरींनी शरीर जळतं म्हणून टॉवर पेटवणाऱ्यांचा मुद्दा मात्र मी या रांगेत धरत नाही. या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ताकदीच्या नाहीत, आणि २०२० मध्ये ब्रिटनमध्ये जाळलेल्या टॉवरांनी फक्त माणसांचे फोन तोडले.)

पण 'खर्च फार, म्हणून नको' यातून निष्कर्ष निघतो तो 'उगाच बदलू नका' एवढाच. 'मानकच लिहू नका' असा निघत नाही. टॉवरवरचं यंत्र तसंही दहा-पंधरा वर्षांत झिजतं, फोन त्याहून लवकर बदलतो. जागी जे येईल ते कोणत्या नियमांनी बोलेल, एवढाच प्रश्न आहे. आपण पाठ फिरवली म्हणून बैठका थांबत नाहीत. ज्यांना कमाल आकडा विकायचा आहे ते खोलीत बसलेले असतातच. बाहेर पडतो तो ज्याला तळाची काळजी आहे तो. मानक गोठल्यावर तक्रार करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

गोठलेलं मानक किती काळ छळतं हे पाहायचं असेल तर २जीकडे बघा. जीएसएम या २जीच्या मानकाची आखणी १९८० च्या दशकात झाली. त्यात फोनने टॉवरला आपली ओळख पटवायची, हे ठरलं. टॉवरने फोनला ओळख पटवायची, हे ठरलं नाही. खोटा टॉवर कोण उभारणार, एवढं महाग यंत्र कुणाच्या हाती असणार, असा तेव्हाचा हिशेब होता आणि तेव्हा तो खुळा नव्हता. ३जीमध्ये दोन्ही बाजूंची ओळख आली, पण जुने टॉवर आणि जुने फोन चालावेत म्हणून नव्या फोनमध्येही २जीचं दार उघडं राहिलं. आज गाडीच्या डिकीत मावेल एवढं यंत्र आजूबाजूच्या फोनना २जीवर ओढतं आणि बँकेच्या नावाने खोटे संदेश ओततं. अँड्रॉइडमध्ये २जी बंद करण्याचं बटण आलं ते २०२१ च्या आवृत्तीत. खोलीत बसलेल्या काही माणसांनी न लिहिलेल्या एका ओळीची किंमत तीस वर्षांनी कुणीतरी आपल्या खात्यातून भरतो आहे.

६जीमध्ये अशी न लिहिलेली ओळ कोणती असेल? माझ्या मते ती 'संवेदन' या शब्दाखाली आहे. आयएमटी-२०३० ने सहा वापर सांगितले, त्यातला एक म्हणजे संपर्क आणि संवेदन यांची सांगड. टॉवरने सोडलेल्या लहरी भिंती, गाड्या, माणसं यांवर आदळून परततात. त्या परतीच्या लहरी वाचल्या की टॉवर रडारसारखं पाहू लागतो. याचे फायदे खरे आहेत. विमानतळाच्या हद्दीत घुसलेला ड्रोन दिसेल, वळणापलीकडची गाडी कळेल, खोलीत एकटं पडलेलं म्हातारं माणूस कॅमेऱ्याशिवाय कळेल. टॉवरांना जोडणाऱ्या सूक्ष्मलहरी पावसाने क्षीण होतात, त्यावरून पाऊस मोजता येतो, हे तर २००६ मध्येच इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवलं आहे. जिथे पर्जन्यमापक नाहीत तिथे ही देणगीच आहे. हे सगळं मला हवं आहे.

तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. आजवर नेटवर्कला दिसत होता तो फोन. फोन घरी ठेवला, बंद केला, की तुम्ही त्याच्या नजरेतून सुटत होता. संवेदनाच्या नेटवर्कला माणूस दिसतो, खिशात फोन असो वा नसो. ज्याने कुठल्याच कंपनीशी करार केलेला नाही, कुठल्याच पडद्यावर 'मान्य' दाबलेलं नाही, त्याची संमती कुणी, कधी, कशी घ्यायची? 'आम्ही माहितीचा गैरवापर करणार नाही' हे आश्वासन पुरेसं आहे, असं म्हणणाऱ्यांनी फोनच्या ठावठिकाण्याचं काय झालं ते आठवावं. अमेरिकेत ग्राहक कुठे आहे ही माहिती मध्यस्थांमार्फत भलत्यांच्या हाती जात होती, हे २०१८ मध्ये उघड झालं. तिथल्या नियामकाने दंड सुनावला तो एप्रिल २०२४ मध्ये, सुमारे २० कोटी डॉलर, आणि नंतरही कोर्टकज्जे चालूच राहिले. सहा वर्षं! आणि ती माहिती निदान ग्राहकांची होती. म्हणून संवेदन मुळात बंद असावं, कोणत्या कामासाठी सुरू केलं याची नोंद राहावी, माणूस आणि वस्तू यांतला फरक कळण्याइतकी बारकाई कुठे वापरायची याला हद्द असावी, परतलेल्या कच्च्या लहरी टॉवरवरच पुसल्या जाव्यात. हे कायद्यात तर हवंच, पण मानकातही हवं. कायदा देशागणिक बदलतो; टॉवरच्या आतली चिप सगळीकडे तीच असते.

तळाची बाजू मांडताना मलाही एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती माझ्या मांडणीला सोयीची नाही. मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेच्या २०२४ च्या हिशेबाप्रमाणे जिथे मोबाइल इंटरनेट पोचतच नाही अशा जागी जगातले सुमारे ४ टक्के लोक राहतात, अंदाजे ३५ कोटी. पण सिग्नलखाली राहूनही ते न वापरणारे तीनशे कोटींच्या वर आहेत. त्यांना अडवतो तो फोनचा खर्च, न येणारी अक्षरं, न कळणारी भाषा, फसवणुकीची भीती. यातलं पुष्कळसं कुठलीच पिढी सोडवणार नाही. उपग्रह आले की पोचेचा प्रश्न मिटला असं सांगणाऱ्यांनाही हेच सांगावं लागतं. २०२२ च्या मानकापासून साध्या फोनला उपग्रहाशी बोलायची वाट मिळाली ही मोठी गोष्ट आहे, डोंगरात वाट चुकलेल्याचा जीव तिने वाचेल. पण उपग्रहाचा एक झोत प्रचंड प्रदेशावर वाटला जातो आणि छपराखाली तो क्वचितच येतो. १ नोव्हेंबर १९९८ रोजी सुरू झालेलं ६६ उपग्रहांचं इरिडियम हे उपग्रह-फोनचं जाळं पुढच्याच ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेलं, कारण आकाश जिंकलं तरी हातातलं यंत्र जड आणि महाग राहिलं.

पण फोन स्वस्त होण्यात मानकाचा हात नसतो असं नाही. ५जीचं पहिलं मानक २०१८ मध्ये पुरं झालं. कमी अँटेनांच्या, कमी पट्ट्याच्या, स्वस्त उपकरणांना जागा देणारा 'रेडकॅप' हा भाग आला २०२२ मध्ये. ४जीमध्येही बारीक, वर्षानुवर्षं एका बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांची सोय मागाहून, २०१६ मध्ये जोडली गेली. दर वेळी श्रीमंत फोन आधी, स्वस्त फोन चार-सात वर्षांनी. हा निसर्गनियम नाही, कामाचा क्रम आहे, आणि क्रम बदलता येतो. ६जीच्या पहिल्या आवृत्तीतच स्वस्त उपकरणाचा वर्ग असावा, आणि काठावरच्या सगळ्या चाचण्या त्याच उपकरणावर व्हाव्यात.

हे सगळं मागणं भाबडं आहे, बाजार असं ऐकत नाही, असं मला सांगितलं जाईल. मी त्याच जर्मनीकडे बोट दाखवेन. २००० मध्ये तिने लहरी विकल्या त्या पैशासाठी. २०१० मध्ये ४जीसाठी ८०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा विकताना तिने अट घातली: आधी ५,००० पेक्षा कमी वस्तीची गावं, मग २०,००० पर्यंतची, मग ५०,००० पर्यंतची, आणि शेवटी मोठी शहरं, एक टप्पा ९० टक्के झाल्याशिवाय पुढच्यात पाऊल नाही. लिलाव तरीही झाला, कंपन्यांनी तरीही बोली लावली, आणि काही वर्षांतच त्या अटी पुऱ्या झाल्या. कागदावर ज्या क्रमाने लिहिलं, त्या क्रमाने टॉवर उभे राहिले.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ पोर्तो रिकोवरून गेलं तेव्हा तिथले सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज गेली तेव्हा टॉवरच्या बॅटऱ्या काही तास चालल्या, मग एकामागून एक संपल्या, आणि माणसं अंधारात फोन हातात धरून उभी राहिली. त्या फोनमध्ये ५जी होतं, बॅटरी होती, बोलायला टॉवर नव्हता. पुढच्या लिलावांच्या अटी लिहिणाऱ्या प्रत्येक नियामकाने आणि मानकाच्या बैठकीला जाणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने आपल्या कोष्टकात दोन नवे रकाने आखावेत. एकात काठावरचा स्वस्त फोन वरच्या वाटेने किती पाठवू शकतो ते लिहावं. दुसऱ्यात वीज गेल्यावर टॉवर किती तास बोलत राहतो ते.